पिलांच्या टाकीतील स्पंज फिल्टर: सहा आठवड्यांच्या वापरानंतर

कन्व्हिक्ट सिक्लिड या माशाची पिले वाढवण्यासाठी मी वेगळ्या टाकीत हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर सहा आठवडे वापरला आणि या कामासाठी तो मला मनापासून आवडला. अंड्यातून बाहेर पडल्यावर पिले काही दिवस पोटाखालच्या बलकाच्या पिशवीवर जगतात. ती पोहू लागली की खरी काळजी सुरू होते, कारण जोरदार खेच असलेला फिल्टर एवढ्या इवल्या जिवांना पाण्याबरोबर आत ओढून घेतो. स्पंजमधून पाणी संथपणे झिरपत असल्याने तो धोका राहत नाही. शिवाय त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म जीवांचा थर जमतो आणि आर्टेमियाच्या (पिलांना खाऊ घालायच्या कोळंबीसारख्या इवल्या जिवांच्या) दोन खुराकांच्या मधल्या वेळेत पिले तो थर टिपत राहतात. खाऊन नारिंगी झालेली त्यांची पोटे भिंगातून पाहताना वेळेचे भान राहत नाही.

मात्र कोरा स्पंज थेट पिलांच्या टाकीत सोडू नये. अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू त्यात रुजायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, म्हणून मी तो आधी मोठ्या टाकीत चालवून मुरवून घेतला होता. धुतानाही क्लोरिनयुक्त पाणी टाळावे आणि टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तो हलकेच पिळावा.

माझी तक्रार सोबत आलेल्या सक्शन कपांबद्दल आहे. ते लवकर कडक झाले आणि एका रात्री फिल्टर सुटून वर तरंगला. बुडाशी वजन असलेला प्रकार मिळाल्यास तोच घ्यावा.