फिरतं तारांगण, ‘कृष्णविवर’ शो: प्रश्नोत्तरांसाठी मागवाच

गणपतीत सोसायटीने हे फुगवायचं तारांगण मागवलं होतं. घुमटात रांगत शिरावं लागतं, गुडघेदुखीवाल्यांनी विचार करावा. हवा भरणारा पंखा इतका घरघरतो की मागच्यांना निम्मं निवेदन ऐकूच येत नाही.

फिल्म ठीकठाक. २०१९ साली प्रसिद्ध झालेलं एम८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं चित्र घुमटभर बघायला मजा येते. पण आजूबाजूचं सगळं गिळत सुटलेलं कृष्णविवर उगाच दाखवलंय. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं तरी पृथ्वी त्याच कक्षेत फिरेल (गारठेल, ते वेगळं).

पैसे वसूल झाले ते नंतर. पुतणीने शो चालवणाऱ्या मुलाला विचारलं, “दादा, मधोमध काय असतं?” त्या मुलाने थापा मारल्या नाहीत. म्हणाला, आइन्स्टाइनची समीकरणं तिथे घनता अनंत सांगतात, म्हणजे खरं तर हात टेकतात. गुरुत्वाकर्षण आणि पुंजभौतिकी (अतिसूक्ष्म कणांचं भौतिकशास्त्र) यांचा मेळ अजून बसलेला नाही. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ मध्ये गणिताने दाखवलं की कृष्णविवर हळूहळू विरायला हवं. मग आत पडलेल्याची माहिती जाते कुठे, यावर अजून वाद आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होणाऱ्या लायगोचाही (गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा) विषय त्याने काढला, हे आवडलं.

पाचवीखालची पोरं कंटाळतात. बुकिंग करतानाच प्रश्नोत्तरांना अर्धा तास मागून घ्या.