एदो किरिकोचा निळा ग्लास: एवढे पैसे द्यावेत का?

सरळ मुद्द्यावर येतो. तोक्योत एदो किरिकोचा, म्हणजे तिथल्या हाताने कापून नक्षी केलेल्या काचेचा, निळा रॉक्स ग्लास (बर्फ घालून प्यायचा बुटका ग्लास) घेतला, एकच, ३०,००० येनच्या आसपास, म्हणजे आपले सोळा-सतरा हजार रुपये. आईला फोनवर सांगितलं तर पहिला प्रश्न, "अरे एका पेल्याचे?" हो, एकाच पेल्याचे. तरी मी म्हणेन परवडत असेल तर घ्या, फक्त हातकाम कुठे आहे ते ओळखून घ्या, कारण लांबून तसाच दिसणारा साच्यातला ग्लास दोन-तीन हजार येनलाही मिळतो.

आधी हे बनतं कसं ते बघा, नाहीतर किंमत डोक्यात जाते. निळा रंग वरून मारलेला नसतो. आत पारदर्शक काच आणि बाहेर रंगीत काचेचा पातळ थर, दोन्ही वितळलेल्या अवस्थेतच एकमेकांना चिकटवून फुगवलेले. हा वरचा थर कापला की आतली पारदर्शक काच उघडी पडते, तीच नक्षी. कापायच्या आधी ग्लासवर फक्त उभ्या-आडव्या रेघा आखतात, त्याला वारिदाशी म्हणतात. आपण रांगोळीला ठिपके काढून घेतो ना, तेवढाच आधार, बाकी अख्खं डिझाइन कारागिराच्या डोक्यात. मग फिरत्या डायमंड व्हीलवर पाणी सोडत ढोबळ काप घ्यायचे (अराझुरी), नंतर आणखी बारीक व्हीलवर तेच काप परत, मग दगडाच्या चाकावर गुळगुळीत करायचं आणि शेवटी पॉलिश. गंमत म्हणजे चाक ग्लासच्या बाहेरून लागतं आणि कारागीर बघतो ग्लासच्या आतून, काचेतून आरपार! म्हणूनच काळा किरिको जास्त अवघड, त्यातून पलीकडचं धड दिसतच नाही, हाताच्या अंदाजावर कापावं लागतं.

पॉलिशमध्येच खरी मेख आहे. नुसता कापलेला भाग धुरकट असतो, तो चमकवायला एक तर ग्लास अ‍ॅसिडमध्ये बुडवतात किंवा लाकडाच्या आणि फेल्टच्या चाकावर पावडर लावून एकेक रेघ हाताने घासतात. दोन्ही पद्धती रीतसर आहेत, अ‍ॅसिडवाला म्हणजे डुप्लिकेट असं अजिबात नाही, पण हाताने पॉलिश केलेल्या ग्लासची धार आणि चमक वेगळीच दिसते, दोन ग्लास शेजारी ठेवून बघा. दुकानात सरळ विचारा, तेमिगाकी (हाताने केलेलं पॉलिश) आहे का म्हणून. दुसरं म्हणजे रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे बारकाईने बघा. माझ्या ग्लासवर नानाको आहे, बारीक दाण्यांची नक्षी, आणि सगळे छेद एका बिंदूत येतात, एकही रेघ पुढे घसरलेली नाही. साच्यातल्या ग्लासच्या कडा बोटाला बोथट लागतात, कधीकधी जोडाची रेघही दिसते.

इतिहास थोडक्यात. १८३४ मध्ये एदोत, म्हणजे आत्ताच्या तोक्योत, कागाया क्यूबेई नावाच्या काच व्यापाऱ्याने एमरी पावडरने (घासायच्या खरखरीत भुकटीने) काचेवर नक्षी कोरली तिथपासून याची सुरुवात धरतात. १८८०च्या दशकात हॉप्टमन नावाच्या इंग्रज तंत्रज्ञाने शिनागावाच्या काच कारखान्यात कटिंग शिकवलं. २००२ मध्ये देशपातळीवर पारंपरिक कलेचा दर्जा मिळाला. दुकानात शेजारीच सात्सुमा किरिकोही दिसेल, तो कागोशिमाचा. शिमाझु नारिआकिरा या सरदाराने तो वाढवला, १८५८ला हा सरदार वारला, १८६३ला इंग्रज जहाजांच्या तोफांनी कारखाना उडवला आणि पुढे ती कला बंदच पडली ती थेट १९८५च्या सुमारास परत उभी राहिली. त्यात रंगाचा थर जाड असतो त्यामुळे काप खोल जाईल तसा रंग फिकट होत जातो. दिसतो जबरदस्त, पण किंमत बघून मी गुपचूप पुढे सरकलो.

वापरायला कसा? हातात वजन मस्त आहे, तळाला फुलासारखा काप आहे, वरून बर्फ आणि पेय ओतलं की ते फूल आत अनेक वेळा दिसतं. मी त्यात कोकम सरबत पण प्यायलो, निळ्यात लाल, भारी दिसतं. तक्रारी: गरम चहा-कॉफी चालत नाही, तडकू शकतो. डिशवॉशर, मायक्रोवेव्ह नाही. काथ्याने घासायचं नाही, मऊ स्पंजने धुवून लगेच पुसायचं नाहीतर खाचांमध्ये पाण्याचे डाग बसतात आणि ते काढताना वैताग येतो. रोजच्या वापराला म्हणून घेणार असाल तर राहू द्या. आणि लेबल वाचा, सोडा ग्लास (म्हणजे साधी काच) की क्रिस्टल, कारण क्रिस्टल जड असतो, टिचकी मारली की लांब वाजतो आणि अर्थातच महाग.

तोक्योतल्या निशि-कासाईला राहणाऱ्या आपल्या भारतीय मंडळींना हा भाग शेजारीच, यातले बरेच वर्कशॉप कोतो आणि सुमिदा वॉर्डात आहेत. किन्शिचो स्टेशनजवळच्या सुमिदा एदो किरिकोकान या ठिकाणी कारागीर काम करताना बघता येतात, घ्यायचा नसला तरी जा. भारतात न्यायचा असेल तर लाकडी बॉक्स मागून घ्या आणि हँडबॅगेजमध्ये ठेवा, चेक-इनला टाकू नका.