शिनेकॉक की बर्कडेल: साताऱ्यात बसून रात्र जागवायची कुणासाठी?

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर गोल्फच्या दोन मेजर स्पर्धा (वर्षातल्या चार सर्वांत मोठ्यांपैकी) महिन्याभराच्या अंतराने आहेत. 18 ते 21 जून 2026 यूएस ओपन, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या शिनेकॉक हिल्सला. 16 ते 19 जुलै द ओपन, इंग्लंडात साउथपोर्टच्या रॉयल बर्कडेलला. दोन्ही कोर्स समुद्राजवळ, वाऱ्याच्या तोंडी आणि चांगल्या चांगल्यांना रडवणारे. घरच्यांची बोलणी खाण्याची तयारी एकाच स्पर्धेपुरती असेल तर कोणती निवडायची?

आधी घड्याळाचं बघू, कारण निम्मा निकाल तिथेच लागतो. न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे. शनिवार-रविवारी आघाडीवीर टी-ऑफ करतात, म्हणजे पहिला फटका मारतात, तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र होत आलेली असते आणि शेवटचा पट (चेंडू होलमध्ये ढकलणारा हलका फटका) पडेपर्यंत पहाटेचे साडेचार. बरोबरी झाली तर वर दोन होलचा प्लेऑफ, म्हणजे दूधवाला येऊन जाईपर्यंत मॅच सुरूच. एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला असाल तर हे उलट सोयीचं, कामावरून येऊन जेवायला बसलात की खरी लढत सुरू. पहिल्या पाळीवाल्याने मात्र नाद सोडावा. इंग्लंड उन्हाळ्यात फक्त साडेचार तास मागे असतं. गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास पहिला चेंडू उडतो आणि रविवारचा विजेता रात्री अकरा-साडेअकरापर्यंत ठरतो. चहा, जेवण, झोप, सगळं वेळेवर.

एवढ्यावर बर्कडेल जिंकलं असं म्हणून मोकळं होता येईल. पण अवघड कोर्स बघायचा असेल तर अवघडपणा कुठून येतो हे बघावं लागतं, आणि तिथे या दोन जागा अगदी वेगळ्या आहेत.

शिनेकॉकचा छळ बराचसा माणसाच्या हातचा. यूएस ओपन भरवणाऱ्या यूएसजीएला पार राखणंही कठीण असावं असं वाटतं. पार 70 म्हणजे कसलेल्या खेळाडूने 18 होल 70 फटक्यांत संपवावेत ही अपेक्षा. त्यासाठी ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेल्या गवताची जागा) कडक ठेवायची, पाणी कमी द्यायचं, होलचा झेंडा उताराच्या काठावर लावायचा. पण शिनेकॉक उघड्या टेकाडांवर आहे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली जो उभा राहिलाय त्याला तिथल्या वाऱ्याबद्दल वेगळं सांगायला नको. हा वारा दुपारभर ग्रीन सुकवत राहतो आणि संध्याकाळपर्यंत ती संयोजकांच्याही हातची जाते.

2004 साली सातव्या होलवर हेच झालं. पार 3, ग्रीन तिरकं आणि मागच्या बाजूला उतरणारं. रविवारी सकाळी तिथे चेंडू थांबेचना, पहिल्याच खेळाडूंना ट्रिपल बोगी, म्हणजे पारपेक्षा तीन फटके जास्त, पडल्या. शेवटी खेळ चालू असताना गटागटांच्या मध्ये ग्रीनवर पाणी मारावं लागलं. त्या दिवशी एकालाही पारच्या खाली खेळता आलं नाही. रेटीफ गूसन जिंकला तो पटिंगच्या जिवावर, अकरा ग्रीनवर त्याने एकेका पटमध्ये काम संपवलं.

2018 मध्ये पुन्हा तेच, फक्त शनिवारी. सकाळी लवकर खेळलेले टोनी फिनाऊ आणि डॅनियल बर्गर 66 मारून क्लबहाउसमध्ये जाऊन बसले. दुपारी ग्रीन काचेसारखी झाली, आघाडीवरच्या डस्टिन जॉन्सनने 77 मारले आणि संयुक्त 45 व्या नंबरवरचे हे दोघे काही न करता संयुक्त आघाडीवर आले. त्याच दिवशी फिल मिकेल्सनने, स्वतःच्या 48 व्या वाढदिवशी, तेराव्या ग्रीनवर घरंगळत चाललेल्या चेंडूमागे धावत जाऊन तो थांबायच्या आत परत टोलावला. दोन फटक्यांचा दंड, होलवर एकूण 10. शिस्तीच्या दृष्टीने लाजिरवाणं, पण त्या दिवशी खेळाडूंच्या मनात काय चाललं होतं ते त्याच्याइतकं स्पष्ट कुणी दाखवलं नाही. वाऱ्याचा अंदाज चुकला हे यूएसजीएने नंतर मान्य केलं. ब्रूक्स केप्का जिंकला तो एकूण पारपेक्षा एक फटका जास्त घेऊन.

बर्कडेलला हा खेळ आभाळ करतं. फेअरवे (ग्रीनकडे नेणारे गवताचे पट्टे) वाळूच्या टेकड्यांच्या मधून सपाट जातात, पुढचं न दिसता मारायचे आंधळे फटके फारसे नाहीत, त्यामुळे खेळाडू या कोर्सला प्रामाणिक म्हणतात. हवा शांत असेल तर तो कमी फटक्यांत खेळू देतो. 2017 मध्ये शनिवारी ब्रँडन ग्रेसने 62 मारले, पुरुषांच्या मेजरमधला तो पहिला 62, आणि जॉर्डन स्पीथ बारा अंडरने, म्हणजे पारपेक्षा बारा फटके कमी घेऊन, जिंकला. 2008 मध्ये वारा सुटला तेव्हा पॅड्रेग हॅरिंग्टन तीन ओव्हरवर जिंकला, तेही चार फटक्यांनी. कोर्स तोच, फरक पंधरा फटक्यांचा. तेव्हा इथे काय बघायला मिळेल हे आठवडाभर आधी कुणी सांगू शकत नाही. शिनेकॉकला त्रास ठरलेला, फक्त कोणत्या दिवशी एवढाच प्रश्न.

खेळाडूंकडे बघून ठरवायचं असेल तर शिनेकॉक जड. स्कॉटी शेफलरकडे मास्टर्स, पीजीए आणि द ओपन आहेत, फक्त यूएस ओपन नाही. चारही मेजर जिंकणारे आजवर सहाच, शेवटचा 2025 मध्ये रोरी मॅकिलरॉय. आणि 21 जूनला, स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी, शेफलर तिशी पूर्ण करतो. बर्कडेलला जीव टांगणीला लागेल तो टॉमी फ्लीटवुडसाठी. साउथपोर्ट हे त्याचं जन्मगाव. गंमत म्हणजे 2018 ला शिनेकॉकवर शेवटच्या दिवशी 63 मारूनही एका फटक्याने हुकलेला तोच.

आपल्या मुलांचं म्हणाल तर द ओपनमध्ये 2023 साली, याच किनाऱ्यावर थोडं दक्षिणेला असलेल्या हॉयलेकला, शुभंकर शर्मा संयुक्त आठवा आला होता.

माझा कौल असा. गोल्फ नव्याने बघत असाल, किंवा घरात टीव्ही एकच असेल, तर बर्कडेल, आणि तेही गुरुवारपासून. तिथे सकाळी खेळणारे आणि दुपारी खेळणारे यांना वेगवेगळी हवा मिळते, आणि कोण कुठल्या बाजूला अडकलं हे पहिल्या दोन दिवसांतच कळतं. ज्याला पार म्हणजे काय, बोगी म्हणजे काय हे आधीच ठाऊक आहे त्याने शिनेकॉकचा एक शनिवार जागवावा. रविवार नाही, शनिवार, कारण सोमवारी कामावर जायचंय, आणि 2018 चा तमाशाही शनिवारचाच होता. मृगाचा वारा सुटला की वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा फोन आधी चार्ज करून ठेवा.

जुलैत तरण्या पावसाचा जोर असतो, वीज तेव्हाही जाणार. पण 19 जुलैचा हिशोब वेगळाच आहे: साडेअकराच्या आत बर्कडेलचा विजेता, मग तासाभराची उसंत, आणि साडेबाराला फुटबॉल विश्वचषकाची फायनल. दोन्ही बघणार असाल तर सोमवारची रजा आत्ताच टाकलेली बरी.