पानशेत की सासवड? थंडीत दोघांनी सायकल काढायची तर

डिसेंबर-जानेवारीत पुण्यातून पहाटे सायकल काढायची म्हटलं की बोलणं शेवटी दोन रस्त्यांवर येऊन थांबतं: खडकवासल्यावरून पानशेत, नाहीतर बोपदेव घाट चढून सासवड. मुळशीचं नावही निघतं, पण भूगाव-पिरंगुट पट्ट्यातली वाहनं पाहता नवख्या सोबत्याला तिकडे नेऊ नये. एकट्याला दोन्ही रस्ते सारखेच चांगले. दोघं असले की हिशेब बदलतो, कारण रस्ता दोघांतल्या कच्च्या गड्याला झेपणारा हवा.

स्वारगेटपासून पानशेत सुमारे ४० किलोमीटर आणि बोपदेवमार्गे सासवड ३० च्या आसपास. एवढंच पाहून सासवड सोपं समजणारे येवलेवाडी संपली की गप्प होतात.

खरा फरक मागे फिरण्याचा आहे. पानशेतला जायचा-यायचा रस्ता एकच. खडकवासला धरण १६-१७ किलोमीटरवर, डोणजे फाटा त्याच्या थोडं पुढे, खानापूर पंचविशीच्या आसपास. सोबत्याचे पाय खानापुरात बोलायला लागले तर तिथेच चहा घेऊन मागे वळायचं, पन्नास किलोमीटरची छान फेरी झाली. कुणाला कमीपणाही नाही. सासवडला ही मुभा नाही. घाटमाथा ओलांडून भिवरीकडे उतरलात की परतताना माथ्यापर्यंत पुन्हा चढायचं आहे. हा चढ अंगावर येत नाही, पण लांबट आहे, आणि तोवर ऊन तापलेलं असतं.

बोपदेवचा चढ साधारण चार किलोमीटरचा, वळणांवर चांगलाच उभा. पुढच्या लहान चकतीला ३४ आणि मागच्या मोठ्या चकतीला २८ दात असलेली रोड बाइक सराव असलेल्याला पुरते, नवख्याला नाही. त्याला मागे ३२ किंवा ३४ हवेत. हायब्रिडला पुढे तीन चकत्या असतील तर सगळ्यात लहान चकती घाट सुरू होण्याआधी, सपाटीवरच लावून घ्यायची. उभ्या चढावर जोर देऊन पुढचा गिअर पाडला की चेन उतरते, आणि तिथे पुन्हा सायकलवर बसून निघणं हा वेगळाच व्यायाम. बिनगिअरची सायकल असेल तर विचार संपला, पानशेतच्या रस्त्यावर खानापूरपर्यंत जा. तिकडे चढउतार आहेत, पण छोटे. एका उताराचा वेग पुढच्या टेकाडाला निम्मा तरी कामी येतो.

घाटात जोडीनं चढू नका. ज्यानं त्यानं आपल्या गतीनं चढायचं आणि भेटायचं माथ्यावर, हे खाली असतानाच ठरवा. मागच्याला गाठण्याची घाई झाली की तो पहिल्या किलोमीटरलाच दम घालवतो.

थंडीही दोन्हीकडे सारखी लागत नाही. शहरात पारा १०-१२ अंशांवर असताना धरणाच्या काठाला त्याहून गार वाटतं, कारण रात्रभर गार झालेली जड हवा खोलगटात साठते, आणि बॅकवॉटरवर कधी कधी धुकंही धरतं. पानशेतच्या वाटेवर पहिला तास बोटं आखडतात. ब्रेकवर पकड राहत नाही, म्हणून पूर्ण बोटांचे हातमोजे घालाच. बोपदेवला उलटं होतं: चढताना घामाने बनियन भिजतं आणि पलीकडच्या उतारावर तेच ओलं कापड छातीवर गारठतं. चढ लागायच्या आधी विंडचीटर काढा, माथ्यावर थांबल्या थांबल्या घाला. सोबत्याची वाट पाहत दहा मिनिटं ओल्या अंगाने उभं राहिलात तर हुडहुडी ठरलेली. विसरलाच असाल तर चहाच्या टपरीवरचा कालचा पेपर घडी करून छातीशी कोंबा. हा उपाय हास्यास्पद दिसतो, पण वारा अडवतो. तहान दोन्हीकडे फसवते. गारव्यात पाणी प्यावंसं वाटत नाही, तरी तासाला अर्धा लिटर पोटात गेलं पाहिजे. नाहीतर परतीच्या उन्हात पोटऱ्यांत गोळे येतात.

आता उन्हाची दिशा, जिचा विचार सहसा कुणी करत नाही. या दिवसांत सूर्य सातच्या आसपास उगवतो, तोही आग्नेयेकडे झुकून. पानशेतला जाताना तो पाठीशी असतो, त्यामुळे मागून येणाऱ्या गाडीवाल्याला तुम्ही स्वच्छ दिसता. सासवडकडे जाताना तो डावीकडून समोर येतो. तुमचे डोळे दिपतात तसेच मागून येणाऱ्या चालकाचेही. तिथे लुकलुकणारा लाल दिवा दिवस उजाडल्यावरही चालू ठेवा आणि एकामागे एकच चला. पानशेतच्या रस्त्यावर डोणज्यानंतर सकाळी लवकर शेजारी-शेजारी गप्पा मारत जाता येतं, आणि मित्राबरोबर जाण्यात अर्धी मजा तीच. सिंहगड रस्त्यावर मात्र किरकटवाडी सुटेपर्यंत गप्पा नकोत.

निघायची वेळ दोन्हीकडे सव्वासहा. बोपदेवच्या पायथ्याला उजेडातच पोहोचायला हवं, कारण त्या घाटात लूटमारीचे प्रकार झालेले आहेत. पानशेतच्या बाबतीत चिंता परतीची: रविवारी उशीर झाला की खडकवासला चौपाटीवर सिंहगडला निघालेल्या गाड्या आणि कणसाच्या गाड्या यांतून सायकल हातात धरून चालावं लागतं. साडेनऊला जिथे असाल तिथून मागे वळा, मग पानशेत गावात पोहोचला असाल किंवा नसाल.

सासवडहून परत दिवे घाटाने यावं का? चढ वाचतो आणि उतरताना मस्तानी तलाव दिसतो, म्हणून मोह होतो. पण त्या रस्त्यावर ट्रक फार, पालखी महामार्गाच्या रुंदीकरणाचं कामही निघालेलं आहे, आणि घाट उतरून पुढे फुरसुंगी-हडपसरची कोंडी आहेच. आल्या वाटेने बोपदेववरूनच परता. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाआधी दाबा, वळणात सोडा. रिम ब्रेक असेल तर धरून ठेवल्याने रिम तापते.

पंक्चरचं म्हणाल तर पानशेतकडे बॅकवॉटरच्या पार्ट्यांच्या बाटल्यांची काच, सासवडकडे बाभळीचे काटे. काटा जास्त वाईट, कारण तो टायरमध्येच बुचासारखा बसतो आणि हवा हळूहळू जाते. ट्यूब बदलताना टायर आतून बोटाने चाचपला नाही तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते. दोघांच्या चाकांचं माप आणि व्हॉल्व्ह एकच आहे का ते आदल्या रात्री बघा. एकाची ७००सी आणि दुसऱ्याची २६ इंची असेल तर एकमेकांच्या ट्यूब कामाच्या नाहीत, प्रत्येकाने आपली घ्यायची. हवा घरूनच भरा: ३५-३८ मिलिमीटरच्या हायब्रिडला ५० ते ६० पीएसआय, २८ च्या रोड टायरला ७५-८०. मोठा बिघाड झालाच तर सासवड बरं. तालुक्याचं गाव आहे, सायकल टाकायला टेम्पो मिळतो. खानापूरच्या पुढे दुरुस्तीचं दुकान सापडेल असं धरून चालू नका.

म्हणून सोबती नवखा असेल, किंवा महिन्या-दोन महिन्यांनी सायकलवर बसत असेल, तर खानापूर. दोघांनाही सलग पन्नास किलोमीटरची सवय असेल तर सासवड. खाण्यावरून ठरवायचं तरी फार फरक नाही. इतक्या सकाळी पिठलं-भाकरी मिळत नाही. दोन्हीकडे पोहे, वडापाव आणि चहा. सासवडच्या बाजूने एकच जादा मुद्दा आहे: पुरंदरची अंजिरं, ज्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. डिसेंबर-जानेवारीत खट्टा बहाराची असतात, गोडीला मार्च-एप्रिलच्या मीठा बहारापेक्षा कमी. घरी न्यायची म्हणून पाठीवरच्या पिशवीत भरू नका, घाट उतरेपर्यंत त्यांची चटणी होते.