कॉलर माइक, गुऱ्हाळ आणि ते नॉइज कॅन्सलचं बटण: एका हंगामानंतरचा अनुभव

सर्व्हिस सेंटरनं आमच्या वायरलेस कॉलर माइकचा ट्रान्समीटर (शर्टाला लावायचा भाग) परत पाठवला, वर चिठ्ठी: 'लिक्विड डॅमेज, वॉरंटी लागू नाही'. डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसलोय.

कंपनीचं नाव घालत नाही. दोन ट्रान्समीटर, एक रिसीव्हर आणि चार्जिंग केस असल्या सेटच्या ढीगभर कंपन्या झाल्यात आणि तक्रारी सगळ्यांच्या सारख्याच. आमचा मधल्या किमतीतला. अगदी स्वस्तातला नाही आणि नावाजलेला घ्यायची ऐपत नाही. रेंज, बॅटरी, वजन सगळं बॉक्सवर छापलेलं असतंय, ते वाचा.

आम्ही चौघांनी वर्गणी काढून घेतला. मास मीडियाच्या वर्गात असाइनमेंट होती: काल्पनिक सिनेमाची फक्त सुरुवातीची दोन मिनिटं, टायटल्ससकट. आमची गोष्ट अशी, की मुलगा मुंबईहून रात्री गावी येतो, गुऱ्हाळ विकायचं म्हणून, आणि बाप काहिलीसमोर उभा. बापाचं काम खऱ्या गुळव्यानंच केलं, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो. कोल्हापुरात राहून कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये शूटिंग करायचं म्हणजे लाजच की.

पहिले काही आठवडे माइकवर आम्ही खूश. रिसीव्हर फोनला लावला की काम सुरू, ॲप नाही, पेअरिंगची कटकट नाही. तात्यांनी चुलवाणात चिपाडं टाकणाऱ्या गड्याला अशी हाक मारली की मेन ट्रॅक फाटला, पण सेफ्टी ट्रॅक, म्हणजे त्याच आवाजाची जादा प्रत, सहा डेसिबल खाली रेकॉर्ड होत होता, त्यात हाक शाबूत. तेवढ्यावर मी तेव्हाच पाच स्टार दिले असते.

मग पहिला कट वर्गात दाखवला. सुरुवातीला उसाचा फड, धुकं, फुकट लायब्ररीतली बासरी, वर नावं. मॅडम म्हणाल्या, "हा ट्रेलर झाला. ओपनिंग कुठाय?" त्यांचं म्हणणं, दोन मिनिटांत प्रेक्षकाला सगळं सांगायचं नसतं, त्याला आत ओढायचं असतं. बासरी काढा, जागेचा आवाज आधी येऊ दे, चित्र नंतर. म्हणजे काळ्या पडद्यावर रस उकळतानाची रटरट, चिपाडांचा तडतडाट, त्यावर पहिलं नाव आणि मग काहील. ज्याला जे-कट म्हणतात तोच, पण टायटलवर.

कल्पना झकास. एडिटला बसलो आणि रटरट गायब!

तात्यांचं बोलणं स्वच्छ, स्टुडिओत बसल्यासारखं. त्यांच्यापुढे रसानं भरलेली एवढी मोठी काहील उकळतीय आणि आवाज शून्य. ते बोलायचे थांबले की मागचं सगळं एकदम गुडुप. कारण नॉइज कॅन्सलेशन चालू होतं. ह्या यंत्रणेला बोलणं सोडून मागचा आवाज, त्यातही सतत एकसारखा येणारा, म्हणजे कचरा वाटतो. पंखा, इंजिन, एसी ठीक आहे, पण उकळणारा रससुद्धा तिच्या लेखी पंखाच. आणि हे काम ट्रान्समीटरमध्येच होत असल्यानं फोनवर जे आलं तेच अंतिम. डाविंची रिझॉल्व्ह ह्या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकटच्या आवृत्तीत फेअरलाइटचं पान आहे, आवाजासाठी एरवी भरपूर पुरतं, पण जे रेकॉर्डच झालं नाही ते तिथं कुठून काढणार?

आता माझा खरा राग. नॉइज कॅन्सल चालू करायचं बटण वेगळं नाहीच. पॉवरचंच बटण एकदा हलकं दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. क्लिप शर्टाला लावताना अंगठा नेमका तिथंच पडतो. चालू झाल्याची खूण म्हणजे निळ्याचा हिरवा होणारा मोहरीएवढा दिवा. तो वरच्या कडेला, आणि फर (माइकवरची केसाळ टोपी) लावली की फरखाली झाकला जातो. वाऱ्यासाठी फर लावा म्हणून मॅन्युअल सांगतंय आणि फर लावली की दिवा दिसत नाही. हे ज्यानं डिझाइन केलं त्यानं आयुष्यात कधी कुणाच्या शर्टाला माइक लावला नसणार. खुर्चीत पाय हलवत बसून काढलेलं डिझाइन आहे हे. रिसीव्हरवर तरी खूण? तिथं फक्त बॅटरी. मी ह्या बटणावर मित्रांचं इतकं डोकं खाल्लं की आता मी बोलायला लागलो की ते उठून चहाला जातात.

गुऱ्हाळाचा हंगाम संपत आलेला. तात्यांनी आणखी एक रात्र दिली. ह्या वेळी माइक तात्यांना लावलाच नाही. काहिलीच्या बाजूच्या खांबाला बांधला, बटणावर इन्सुलेशन टेप, आणि सगळ्यांना गप्प करून नुसती जागा रेकॉर्ड केली. तात्यांनी पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब टाकून बोटांत गोळी वळून बघितली, ती वाटीच्या कडेला टणकन आपटली, तो आवाजसुद्धा आला. ओपनिंगमधला सगळ्यात भारी आवाज तोच आहे. वर्गात ऐकताना मागच्या बाकावरची पोरं फोन खाली ठेवून बघत होती.



म्हणजे माइक वाईट नाही, हे मान्य करावं लागतंय. पुढच्या असाइनमेंटला एसटी स्टँडवर मुलाखत घेतली. हॉर्न, अनाउन्समेंट, कंडक्टर, सगळ्या गोंधळात तेच नॉइज कॅन्सल देवासारखं धावून आलं. दोन स्टारवर आलो होतो, साडेतीनवर गेलो. पाठ वळवली की मात्र आवाज तुटतो. 2.4 गिगाहर्ट्झचा सिग्नल माणसाच्या अंगातून धड जात नाही, त्यामुळे नट वळणार असेल तर ट्रान्समीटर त्याच्या पाठीला लावा.

आणि मग चार्जिंग. एक ट्रान्समीटर केसमध्ये ठेवला तरी चार्ज होईना. सर्व्हिस सेंटरनं आधी मूळ बॉक्स मागितला, मग बिल, मग बॉक्सवरचा सीरियल नंबर दिसेल असा फोटो. शेवटी ती चिठ्ठी, आणि दुरुस्तीचा आकडा असा की त्यात थोडी भर घातली तर नवा सेट येईल. फोन केला तर म्हणे, "सर, डिव्हाइस पाण्यात पडलंय." पाण्यात? आमच्या कॉलनीत दिवसाआड पाणी येतंय!

मोबाइल दुरुस्तीवाल्यानं भिंगातून बघितलं, पिनांवर नख फिरवलं आणि नख चाटलं. "गूळ हाय ह्यो." उकळत्या रसाचे बारीक शिंतोडे पिनांवर बसून चिकट थर झालेला. स्पिरिट आणि जुना टूथब्रश, पाच मिनिटांत चार्जिंग चालू. घेतले पन्नास रुपये, आणि वर गुळाचा रवा (ढेप) कुठं मिळतो ते विचारून घेतलं.

सिनेदिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी ह्याच कोल्हापुरात स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला. त्यांचे सुरुवातीचे सिनेमे मुके होते. तेवढ्यापुरते सुखी.

घ्यायचा का? बोलक्या कामाला घ्या, बॉक्स जपून ठेवा, बटणाला टेप लावा. जागेचा आवाज हवा असेल तर माइक माणसाला लावू नका. आमच्यातला एक जण आता पुण्याला चाललाय आणि चौथा हिस्सा रोख मागतोय. दोनपैकी एक फर हरवलीय. उरलेली त्यानं न्यावी.