पासारगादजवळच्या गावात घेतलेला गालिचा आणि तोमानचं एक शून्य

इराणमधल्या शिराजला जाणारे बहुतेक प्रवासी एकाच दिवसात तीन प्राचीन ठिकाणं करतात: तख्त-ए-जमशीद (पर्सेपोलिस), नक्श-ए-रोस्तम आणि पासारगाद. मी आणि आईनेही तेच केलं, आणि त्या दिवशी आमचे सव्वातीनशे डॉलर गेले. कसे गेले ते नीट सांगते, कारण हाच रस्ता पुढेही अनेक जण धरणार आहेत.

गाडी दिवसभरासाठी ठरवली होती. चालक बोलका होता, आईला 'मादर' म्हणजे आईच म्हणायचा, तिची पिशवी स्वतः उचलायचा. तख्त-ए-जमशीदला अपादान या दरबार-महालाच्या जिन्यावर भेटवस्तू घेऊन निघालेली शिष्टमंडळं कोरली आहेत. त्यातले अनवाणी हिंदुस्थानी लोक आणि त्यांचं गाढव त्यानेच आम्हाला दाखवलं. पासारगादला कुरुश (सायरस) राजाच्या थडग्यापाशी आम्ही तासभर बसलो. सहा दगडी पायऱ्या, त्यावर छोटंसं दगडी घर, आणि सगळीकडे मोकळं माळरान. त्या थडग्याला लोक पूर्वी सुलेमानच्या आईची कबर समजत. शेजारच्या गावाचं नावही मादर-ए-सुलेमान. मन भरून आलं होतं. अशा वेळी माणूस सावध नसतो, एवढं आता कळतंय.

परतताना तो म्हणाला, "वाटेवरच माझ्या मावशीचं गाव आहे, जेवून जा." अंगणात डाळिंबाचं झाड, ओसरीवर सतरंजी. आम्ही शाकाहारी म्हटल्यावर त्या बाईंनी शेपू घातलेला भात, दही आणि गरम नान वाढलं. पैसे विचारले तर "काबेली नदारे", म्हणजे त्यात काय एवढं. याला तिथे 'तआरोफ' म्हणतात. पहिल्यांदा पैसे नाकारायचे हा शिष्टाचार असतो, समोरच्याने दोन-तीनदा आग्रह करायचा असतो. चालकाने मात्र आम्हाला आग्रह करू दिला नाही. "तिचा अपमान होईल," म्हणाला. आणि मग आतून गालिचा आला.

तांबड्या जमिनीवर निळ्या बकऱ्या. चालकाने सांगितलं, मावशी कश्गाई जमातीची, हिवाळाभर बसून हिने हातांनी विणलाय, रंग झाडपाल्याचे. फार्स म्हणजे शिराजच्या प्रांतातली गालिचे विणण्याची कला 2010 साली युनेस्कोच्या यादीत गेली आहे, हे मी वाचलेलं होतंच, त्यामुळे ते खरं वाटलं. किंमत विचारली. बाई हळूच म्हणाल्या, "पोन्सद." चालकाने लगेच मोबाइलवर आकडा मांडून दाखवला, 50,00,000, आणि म्हणाला, "तोमान," म्हणजे तिथलं बोलण्यातलं चलन. डॉलरमध्ये तीनशे साठ. मला जास्त वाटले. पण आई कानात म्हणाली, "अगं, त्यांचं अन्न खाल्लंय, आता नाही कसं म्हणायचं?" परदेशी कार्ड तिथे चालत नाही, त्यामुळे सगळी रोकड जवळच असते, हे चालकाला पक्कं ठाऊक होतं. पैसेही त्यानेच घेतले. मावशी पाहुण्यांकडून पैसे घ्यायला लाजते, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शिराजच्या वकील बाजारात एका म्हाताऱ्या गालिचेवाल्यांकडे गालिचा बांधून घ्यायला नेला. त्यांनी तो उलटा केला आणि माझं बोट धरून मागच्या बाजूवरून फिरवलं. हातविणीचा असेल तर मागे एकेक गाठ दिसते, किंचित वाकडीतिकडी; आमच्या गालिच्याची पाठ छापल्यासारखी एकसारखी होती. मग दशा दाखवल्या. खऱ्या गालिच्यात दशा म्हणजे ताण्याचेच उरलेले धागे. इथे वेगळी झालर मशीनने शिवलेली होती, टाके स्पष्ट दिसत होते. "कारखान्याचा आहे. पाच लाख तोमान."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पोन्सद म्हणजे पाचशे, बोलण्यात 'हजार' गाळतात. पाच लाख तोमान म्हणजेच पन्नास लाख रियाल, कारण एक तोमान म्हणजे दहा रियाल. नोटांवर रियाल छापलेले, तोंडात तोमान. चालकाने आकडा रियालचा दाखवला आणि शब्द तोमानचा लावला. बाईंनी योग्यच भाव सांगितला होता, म्हणजे छत्तीस डॉलर!

रागापेक्षा वाईट जास्त वाटलं, कारण जेवण खरं होतं. त्या बाई फसवणुकीत होत्या का, हे मी आजही ठामपणे म्हणू शकत नाही. 'हाताने विणला' हे शब्द त्यांचे नव्हते, चालकाचे होते. त्याचा फोन त्या संध्याकाळपासून बंद. आम्ही पुढच्या पहाटे यज्दच्या बसने निघणार होतो, तक्रार तशीच राहिली.

जाणाऱ्यांना कळकळीने सांगते: आकडे शिराजमध्येच शिकून घ्या, सद (शंभर), पोन्सद, हेझार (हजार), मिल्यून (दहा लाख). भाव विकणाऱ्याच्या तोंडून ऐका, आणि "रियाल की तोमान?" हे त्यालाच विचारा, मधल्या माणसाला नाही. पैसे त्याच्याच हातात द्या. गावात जेवलात तर जेवणाचे पैसे तीनदा आग्रह करून देऊन टाका, म्हणजे नंतर भीड पडणार नाही. गालिचा आवडला तर आधी उलटा करा, ओला पांढरा रुमाल घासून रंग लागतो का बघा. हे केल्याने कुणाचा अपमान होत नाही. खरा विणकर स्वतःच पाठ दाखवतो.

गालिचा पुण्यात आईच्या खोलीत आहे. ती अजून विचारते, "त्या बाईंना त्यातले पाच लाख तरी पोचले असतील का गं?"