जस्तासाठी पीएआर, झिंकॉन की फ्लुओरेसंट रंजक?

पाण्यातले जस्त स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रावण किती प्रकाश शोषते ते मोजणारे यंत्र) मोजायचे ठरले की त्याला धरून रंग बदलणारे रंजक निवडावे लागते आणि नजर पहिल्यांदा मोलर शोषणांकावर, म्हणजे ठरावीक सांद्रतेला ते किती प्रकाश शोषते त्यावर, जाते. जस्तासोबत पीएआर या रंजकाचा आकडा ५०० नॅनोमीटरला साधारण ६६,०००, तर झिंकॉनचा ६२० नॅनोमीटरला साधारण २३,०००. म्हणजे १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक कुपीत) १ मायक्रोमोलर जस्त (लिटरला सुमारे ६५ मायक्रोग्रॅम) पीएआरसोबत ०.०६६ ॲबसॉर्बन्स (शोषणाचे माप) देते आणि झिंकॉनसोबत जेमतेम ०.०२३. एवढ्यावर पीएआर घेऊन मोकळे व्हावेसे वाटते. पण खरी निवड दुसऱ्याच दोन प्रश्नांवर ठरते. नमुन्यात जस्ताच्या सोबतीला आणखी कोणते धातू आहेत? आणि धातू नसताना रंजकाचा स्वतःचा रंग मोजणीच्या तरंगलांबीवर किती उरतो?

पीएआर: संवेदनशील, पण सगळ्यांना धरणारे

मोकळे पीएआर पिवळे असते, शोषणाचे शिखर ४१० नॅनोमीटरच्या आसपास. जस्ताचा एक आयन त्याचे दोन रेणू धरतो आणि द्रावण नारिंगी-लाल होते. अडचण अशी की तांबे, निकेल, कोबाल्ट, शिसे, कॅडमियम, मँगॅनीज यांच्याशीही ते असेच जुळते आणि सगळ्यांची शिखरे जवळजवळच पडतात. वर्णपट पाहून त्यांना वेगळे काढता येत नाही.

म्हणून नमुन्यात जस्तच आहे अशी खात्री असेल तिथे पीएआर उत्तम: शुद्ध प्रथिनातून सुटणारे जस्त, स्वच्छ बफरमधले (पीएच स्थिर राखणारे मिश्रण) द्रावण. आयन क्रोमॅटोग्राफीत (आयन एका स्तंभातून नेऊन वेगळे करण्याची पद्धत) तर हाच दोष गुण ठरतो. धातू स्तंभातच वेगळे झालेले असतात, त्यानंतर प्रत्येकाला रंग देणारे एकच रंजक हवे असते.

कृती सोपी आहे. २१.५ मिलिग्रॅम पीएआर थोड्या सोडियम हायड्रॉक्साइडच्या मदतीने विरघळवून १०० मिलिलिटर करा, हे झाले १ मिलिमोलर. क्युव्हेटमध्ये १०० मायक्रोमोलर ठेवा, ५० मिलिमोलर हेपेस बफर, पीएच ७.५. एवढ्या रंजकात १० मायक्रोमोलरपर्यंतचे जस्त निर्धास्त मोजता येते. पिवळ्या रंगाची शेपटी ५०० नॅनोमीटरपर्यंत येते, म्हणून ब्लँकमध्ये (जस्ताशिवायचे तुलनेचे द्रावण) आणि नमुन्यात रंजक एकाच पिपेटने, तंतोतंत सारखेच घाला. पीएच ११ च्या पुढे नेऊ नका, तिथे पीएआर धातूशिवायच लाल व्हायला लागते.

झिंकॉन: कमी तीव्र, पण मिश्र नमुन्यात कामाचे

झिंकॉनची ताकद रंगांमधल्या अंतरात आहे. पीएच ९ ला मोकळे झिंकॉन ४९० नॅनोमीटरच्या जवळ शोषते आणि जस्ताचे निळे संयुग ६२० ला. मध्ये सव्वाशे नॅनोमीटरहून जास्त अंतर असल्याने ब्लँक शांत राहतो.

तांबेही त्याला निळे करते, पण इथे सुटका आहे. तांब्याचे संयुग पीएच ५ च्या सुमारासही बनते, जस्ताचे बनत नाही. नमुन्याचा एक भाग ॲसिटेट बफरमध्ये ६०० नॅनोमीटरला वाचला की तांबे कळते. दुसरा भाग बोरेट बफरमध्ये पीएच ९ ला वाचला की दोन्ही मिळतात. वजाबाकीसाठी तांब्याचा स्टँडर्ड वक्र (ज्ञात प्रमाणांवरून काढलेला आलेख) पीएच ९, ६२० नॅनोमीटरलाही काढलेला हवा. आम्लात झिंकॉन टिकत नाही, त्यामुळे पहिले वाचन रेंगाळू देऊ नका. सायनाइडने सगळे धातू झाकून फक्त जस्त मोकळे करण्याची जुनी पद्धत अचूक आहे, पण फ्यूम हूड आणि प्रशिक्षण नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. आम्लीय नमुन्यात सायनाइड पडले की विषारी वायू सुटतो.

साठा: ०.१३० ग्रॅम झिंकॉन २ मिलिलिटर १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून १०० मिलिलिटर. आठवड्याच्या आत संपवा.

सर्वाधिक मोजण्या बिघडतात त्या बफर अपुरा पडल्याने. नमुना टिकवण्यासाठी नायट्रिक आम्लाने पीएच २ ला आणलेला असतो. अशा ५ मिलिलिटरमध्ये ५० मायक्रोमोल आम्ल असते. ५० मिलिमोलर बोरेटचे २ मिलिलिटर पीएच ९ ला सुमारे ३६ मायक्रोमोलच शोषू शकतात. बफर कोसळतो, निळा रंग येत नाही आणि वाटते जस्त नाहीच. आधी नमुना उदासीन करा आणि पीएच अंतिम मिश्रणाचा तपासा.

फ्लुओरेसंट रंजक कधी?

प्रकाश पडल्यावर चमकणारे हे रंजक ०.१ मायक्रोमोलरच्या खाली जायचे असेल तरच. त्यांपैकी फ्लुओझिन-३ चा विघटन स्थिरांक (ज्या सांद्रतेला अर्धे रंजक जस्ताला धरते) सुमारे १५ नॅनोमोलर आहे, म्हणजे उपयोगी पट्टा साधारण १.५ ते १५० नॅनोमोलर. १ मायक्रोमोलरला ते केव्हाच संपृक्त झालेले असते. तांब्याचे आयन चमक विझवतात. उद्दीपनाच्या (चमक आणणाऱ्या प्रकाशाच्या) तरंगलांबीवर द्रावणाचा ॲबसॉर्बन्स ०.१ च्या वर गेला तर प्रकाश आतच अडतो आणि वक्र वाकतो.

या पातळीवर खरा शत्रू प्रदूषण. रबरी हातमोजे, रबरी बुचे, धूळ, सगळीकडे जस्त असते. भांडी पॉलिप्रोपिलीनची घ्या, १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवा, अतिशुद्ध पाण्याने तीनदा धुवा. ब्लँक प्रत्येक वेळी वेगळा येत असेल तर रंजक बदलण्याआधी भांडी बदला.

इतर रंजकांपैकी डायथायझोन सेंद्रिय द्रावकात धातू गोळा करून सांद्र करते, पण क्लोरोफॉर्म हाताळावा लागतो. झायलेनॉल ऑरेंज ईडीटीए (धातूला घट्ट धरणारे रसायन) टायट्रेशनसाठी चांगले, सूक्ष्म मोजणीसाठी नाही.

फॉस्फेट बफर पीएआर, झिंकॉन, फ्लुओरेसंट रंजक, कोणासोबतही नको, जस्त अवक्षेपित होते. अमोनिया आणि ट्रिस हे बफर धातूवर स्वतःच हक्क सांगतात. भांडे ईडीटीएने धुतले असेल तर त्याचा मागमूस उरू देऊ नका.

पीएआर असो वा झिंकॉन, शेवटी नमुन्यातच २ मायक्रोमोलर जस्त घालून पाहा. वाढ पीएआरसोबत ०.१३ च्या आणि झिंकॉनसोबत ०.०४६ च्या जवळ यायला हवी. वाढ कमी आली तर सायट्रेट, ह्युमिक आम्ल किंवा चुकलेला पीएच जस्त अडवत आहे. वाढ बरोबर असूनही आकडा फुगलेला वाटला, तर नमुन्याचा गढूळपणा आणि सोबतचे धातू तपासा, कारण ते या चाचणीत दिसत नाहीत.